आंटीच्या तबकड्या आणि आमची पाहुणी

मे महिन्याचा दुसरा रविवार, दुपारी साडेबाराची वेळ. रक्कम अठरा हजार रुपये, सगळ्या पाचशेच्या नोटा, एका पांढऱ्या लिफाफ्यात. जागा आमच्या घराची पडवी. हजर माणसे चार: मी, माझी बायको, आमची वीस वर्षांची मुलगी आणि लिफाफा घेऊन आलेली शेजारची आंटी.

आम्ही तळेऱ्याजवळ बायकोच्या माहेरी लग्नाला गेलो होतो आणि दोन दिवसांनी नुकतेच परतलो होतो. पिशव्या अजून पायरीवरच होत्या. आंटी ऐंशीच्या पुढची. गुडघ्यांमुळे ती सहसा कोणाकडे जात नाही, आम्हीच तिच्याकडे जातो. त्या दिवशी मात्र ती कुंपणाच्या वाटेने काठी टेकत आली, खुर्चीत बसली, दम खाल्ला आणि लिफाफा माझ्या मुलीच्या हातात ठेवला.

"घे गो. तुजी ताई येऊन गेली काल. सगळे रेकॉर्ड घेऊन गेली. हे पैसे दिल्यान."

"खंयची ताई?" मुलीने विचारले.

"खंयची म्हणजे? पुण्याची. तुमचीच पाव्हणी. गाडी घेऊन इल्ली. खोके पण सोबत आणल्यान होते."

मुलीने लिफाफा खाली ठेवला आणि त्याच वाटेने आंटीच्या घरी गेली. परत आली तेव्हा तिचा चेहरा कोरा होता. ती आईकडे बघून म्हणाली, "कपाट रिकामा आसा. आतलो बल्ब तेवढो उरलो."

माझ्या मुलीला गाण्याचे वेड लागले ते आंटीच्या घरी. त्याआधीही ती ऐकायची, पण त्याला मी ऐकणे म्हणत नाही. कानात फोनची बोंडे घालून भांडी घासताना, एसटीत, अभ्यास करताना, आणि गाणे अर्धे झाले की बोटाने पुढचे. मी वेंगुर्ल्याच्या एका काजू कारखान्यात हिशेब बघतो. पान अर्धे भरून पुढच्या पानावर उडी मारणारा माणूस मला सहन होत नाही, आणि तिचे ऐकणे मला तसेच वाटायचे. मी बोललो की ती म्हणायची, "बाबा, तुमका गाण्यांचो पण ताळेबंद होयो."

बारावीची परीक्षा संपली त्या सुट्टीत बायकोने तिच्याकडे फणसाच्या भाजीचा वाडगा देऊन तिला आंटीकडे पाठवले. वाडगा पोचवायला दोन मिनिटे लागतात. ती दोन तासांनी आली आणि कानातली बोंडे आंटीकडेच विसरून आली.

आंटीचा नवरा मुंबईत चित्रपटांच्या गाण्यांत व्हायोलिन वाजवत असे. तीस वर्षे त्याने तेच काम केले. एका गाण्याला पन्नास-साठ माणसे वाजवायला बसत, पण तबकडीवर नाव गाणाऱ्याचे आणि चाल देणाऱ्याचे. वाजवणाऱ्यांची नावे छापायची पद्धत नव्हती. म्हणून ज्या गाण्यात आपण वाजवले त्याची तबकडी तो स्वतःच्या पैशाने विकत घ्यायचा. निवृत्त होऊन गावी आला तेव्हा त्याच्याबरोबर एक व्हायोलिन, एक तबकड्या वाजवायचे यंत्र आणि एकशे सव्वीस तबकड्या होत्या. तो गेल्यावर आंटीने व्हायोलिन चर्चमध्ये गाणाऱ्या मुलांना दिले. तबकड्या मात्र कोणाला दिल्या नाहीत.

ऐकायचे तिचे नियम होते. दिवसाला एका तबकडीची एकच बाजू. वेळ चारची, चहा झाल्यावर. त्याच्या पुढे गेले की वाडीतले माडांचे पंप सुरू होतात, वीज दबते आणि गाणारीचा आवाज सर्दी झाल्यासारखा जड होतो. मासे साफ केले असतील तर हात दोनदा धुवायचे. पंखा बंद. सुई टेकली की बोलायचे नाही, मासळीवालीचा भोंगा वाजला तरी उठायचे नाही. मग दोघी बसत, आंटी वेताच्या खुर्चीत आणि माझी मुलगी जमिनीवर. नवऱ्याचे व्हायोलिन आले की आंटीचे उजव्या हाताचे पहिले बोट खुर्चीच्या हातावरून वर होई. व्हायोलिन थांबले की बोट खाली. पहिल्या दिवशी फक्त तिने तोंडाने सांगितले होते, "ह्यो तो." त्यानंतर कधी नाही.

जिथे तो एकटा वाजवतो तिथे कोणालाही कळेल. पण वीस व्हायोलिनांत तो कुठे आहे हे आंटीलाच ठाऊक, कारण काम करून घरी आला की जेवताना तो तिला सगळे सांगायचा. कुठल्या कडव्यानंतर, कोणाच्या शेजारी बसून, कोणाची तार तुटली तेव्हा कोणी सांभाळून घेतले. माझी मुलगी तीन वर्षे त्या बोटाकडे बघत राहिली. दुसऱ्या वर्षापासून तिचेही बोट वर होऊ लागले. मी एकदा दारातून पाहिले: दोघींची बोटे एकाच वेळी उठली आणि आंटी हसली, दात नसलेल्या तोंडाने, आवाज न करता.

आमच्या हवेत तबकडी जपणे सोपे नाही. पावसाळ्यात तिच्यावर बुरशी येते, कव्हरे फुगतात, कसर लागते. मुलीने स्वतःच शोधून काढलेली रीत अशी: रिठ्याच्या पाण्यात मलमलचा तुकडा भिजवून रेघांच्या दिशेने पुसायचे, सावलीत वाळवायचे, उभ्या ठेवायच्या आणि पावसाळाभर कपाटात पंधरा वॅटचा पिवळा बल्ब पेटता ठेवायचा. तो बल्ब चार महिन्यांत त्रेचाळीस युनिट खातो असा हिशेब मी काढला होता. आंटीला बिल जड होईल म्हणून मी ते पैसे द्यायला गेलो तर ती म्हणाली, "तू काजीचो हिशेब कर रे. माज्या घोवाचो नको."

मुलीने स्वतःच्याही तबकड्या जमवल्या. गणपतीला मुंबईकर येऊन बंद घरे उघडतात तेव्हा ती घराघरांत विचारत फिरायची, "रेकॉर्ड आसत काय जुने?" लोक हसायचे. एका घरात तबकडी लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून होती, एका घरात लहान पोराने तिची गाडीची चाके केली होती. कुडाळच्या भंगारवाल्याने तिला तीन दिल्या आणि वर म्हणाला, "हेंचा करतलंस काय? भाकरी भाजतलंस?" अशा मिळून अकरा झाल्या. त्यांपैकी चार अजिबात वाजत नाहीत, पण तिने त्याही धुऊन ठेवल्या होत्या.

आता आंटीने शब्द दिला त्याबद्दल. आमच्या वाडीच्या तोंडाशी एक खुरीस, म्हणजे क्रूस आहे. मे महिन्यात मुंबई-गोव्याहून माणसे आली की तिथे संध्याकाळी ख्रिस्ती घरांची लदीन, म्हणजे गाऊन म्हटलेली प्रार्थना होते. मेणबत्त्या लावतात, शेवटी सगळ्यांच्या ओंजळीत उकडलेले चणे घालतात. आम्ही हिंदू घरेही जातो. चणे खातो, पोरे मेणबत्त्यांशी खेळतात. गेल्या वर्षी चणे वाटून झाल्यावर आंटी काठी टेकून उभी राहिली आणि माझ्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांसमोर म्हणाली, "आयकात. माज्या घोवाचे रेकॉर्ड ह्या चेडवाचे. आजपासून तिचे. माज्याकडे फकत ठेवलेले आसत." सगळ्यांनी ऐकले आणि चणे तोंडात टाकले. आमच्याकडे त्यानंतर कागद लागत नाही. मी दोन किलो खिळ्यांचेही बिल मागून घेणारा माणूस; पण त्या संध्याकाळनंतर आंटीकडे कागद मागणे म्हणजे तिच्या तोंडावर तिला खोटी म्हणणे झाले असते. मी मागितला नाही. आजही तसेच झाले तर मागणार नाही.

पुण्याची ताई मुलीला फोनवर भेटली. जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांचा एक गट आहे, त्यात ती मोठी मानली जाते. वय पस्तिशीचे. पुण्यात ती लोकांना जमवून तबकड्या ऐकवते, गाण्यांच्या गोष्टी सांगते, तिकीट लावते. मुलीने त्या गटात बुरशीबद्दल लिहिले, रिठ्याचे पाणी आणि बल्ब सांगितला. ताईने लगेच तिला वेगळा निरोप पाठवला. मग रोज बोलणे सुरू झाले. काय ऐकलेस, कसे ऐकलेस, आज कुठली बाजू. घरात दिवसातून दहा वेळा ताई ताई. बायको म्हणायची, "सख्खी बहीण नाय ती बरा झाला, नायतर माका बाळंतीण व्हूचा लागला असता पुन्हा."

फेब्रुवारीत ताई आमच्याकडे आली. कुडाळ स्टेशनवर मी स्वतः आणायला गेलो. तीन दिवस राहिली. बायकोने पहिल्या दिवशी तिसऱ्यांचे, म्हणजे शिंपल्यांचे, सुके केले, दुसऱ्या दिवशी सुरमई, आणि तिसऱ्या दिवशी ताईला पुन्हा तिसऱ्याच हव्या होत्या म्हणून पुन्हा तिसऱ्या. आमच्या वाडीत एका घरचा पाहुणा हा सगळ्या घरांचा. प्रत्येकाने तिला बोलावले, कोणी शहाळे दिले, कोणी काजूगर बांधून दिले. आंटीने सकाळी आंबोळ्या केल्या. एवढ्या वयात पिठाला हात लावला. ताईने जाताना मुलीला तबकडी पुसायचा एक बारीक केसांचा ब्रश भेट दिला आणि मला वाकून नमस्कार केला.

तिसऱ्या दिवशी चार वाजता मुलीने तिला आंटीकडे नेले. मीही गेलो होतो. त्या दिवशी आंटीने तिची सर्वांत आवडती तबकडी लावायला सांगितली. दुसऱ्या कडव्यानंतर सगळा वाद्यमेळ थांबतो आणि एकटे व्हायोलिन वाजते, दहा-बारा सेकंद, मग गाणारी पुन्हा सुरू करते. आंटीचे बोट वर झाले, मुलीचे झाले. ताईच्या डोळ्यांतून पाणी आले. ते रडणे खोटे होते असे मी आजही म्हणणार नाही. मला तेच जास्त लागते.

नंतर ताईने मुलीला विचारले, "बाकीच्यांत कुठे कुठे वाजवलंय त्यांनी?"

मुलगी म्हणाली, "ते आंटीला माहीत. आणि मला."

एप्रिलअखेर मुलीने फोनवर ताईला सांगितले की मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही शुक्रवारी लग्नाला जाऊन रविवारी परतणार. हे मी मुद्दाम लिहितो, कारण बाकी कशालाही दुसरा अर्थ लावता येईल, पण याला येत नाही. ताई पुण्याहून गाडीने निघाली ती शनिवारी. त्या दोन दिवसांतच. रिकामे खोके सोबत घेऊन.

तर तो रविवार. मुलगी रिकामे कपाट बघून आली आणि खांबाला टेकून उभी राहिली. आंटी आमच्या एकेकाच्या तोंडाकडे बघत होती.

"काय झाला?" तिने विचारले. "तू धाडलेलंस ना तिका?"

बायकोने विचारले, "ती काय म्हणाली तुका, आंटी?"

"म्हणाली, चेडवाचा नि माजा ठरलाहा. हयसर पावसात रवले तर जातले, पुण्याक बरे रवतले. पैसे ठेवा म्हणाली. मी म्हटलंय पैसे कित्याक, तर म्हणाली ठेवा, तिका द्या. खोके पण तिणाच भरल्यान."

"आमका एक फोन करूचो होतो आंटी," बायको म्हणाली.

"फोन?" आंटीला ते समजेना. "तुमच्याच घरात रवली. तुमच्याच ताटात जेवली. माज्या हातची आंबोळी खाल्ल्यान. तुमच्या माणसाक मी दारात उभी करून तुमका फोन लावू? खरा बोलतास काय म्हणान इचारू?"

तिचे बरोबर होते. आमच्याकडे कोणीच विचारले नसते. मी विचारले नसते.

"तीन दिवस तिका तिसऱ्यो भरवलंय," बायकोचा आवाज चढला, "पयल्या दिवशी आवाडल्यो, तिसऱ्या दिवशी पुन्हा आवाडल्यो. तेवा एक शब्द तोंडातसून नाय इलो बायेच्या!"

मग आंटीला कळले. तिने लिफाफ्याकडे बघितले, हात लावला नाही. "म्हणजे मी विकलंय," ती म्हणाली. "खुरसाकडे उभी रवान दिलंय, आणि तुजी वस्तू मीच विकलंय."

"नाय आंटी," मुलगी म्हणाली. "मीच घेऊन इल्लंय तिका तुज्या घरात."

मी तक्रारीचा विचार केला. तो माझा स्वभाव आहे. पण कोणाविरुद्ध आणि कशाची? मालकिणीने स्वतःच्या हाताने दिले, घेणारीने रोख मोजले. कारखान्यात असे खाते बरोबर जुळले म्हणून मी सही केली असती. अठरा हजार भागिले एकशे सव्वीस, तबकडीला एकशे त्रेचाळीस रुपये पडतात. भंगारापेक्षा चांगला भाव. हिशेबात चूक शोधायला गेलो आणि चूक नव्हती.

लिफाफा मुलीने घेतला नाही. आंटीनेही घेतला नाही. तो आंटीकडे नेऊन मी तिच्या घरातल्या मेरीमातेच्या तसबिरीमागे ठेवला, आणि तो तिथेच राहिला.

मुलीने त्या संध्याकाळी ताईला फोन लावला. उचलला नाही. रात्री निरोप आला: "बाळा, घाईत होते म्हणून सांगता आलं नाही. तुझा खजिना आता सुरक्षित आहे. तू कधीही पुण्याला ये आणि ऐक." मुलीने तो मला वाचून दाखवला आणि विचारले, "बाबा, ह्याच्यात रागावण्यासारखा काय आसा?" मी तीनदा वाचला. रागवण्यासारखा एकही शब्द नव्हता.

जूनमध्ये गटावर ताईने कार्यक्रमाची जाहिरात टाकली. आंटीच्या कपाटाचा फोटो होता, फेब्रुवारीत काढलेला. खाली लिहिले होते: कोकणातल्या एका बंद घरात, बुरशीत सापडलेला ठेवा. त्याखाली तबकड्या कशा वाचवल्या त्याची माहिती. रिठ्याचे पाणी, मलमलचा तुकडा, सावलीत वाळवणे. बल्बसुद्धा. मुलगी फोन घेऊन माझ्याकडे आली आणि बोट ठेवून एवढेच म्हणाली, "बंद घर."

आंटी त्या वेळी तिच्या पडवीत कोळंबीची टरफले मांजराला घालत होती. आम्हाला इथून दिसत होती.

त्यानंतर चार वाजता दोन्ही घरांत काहीच वाजेनासे झाले. मुलगी स्वतःच्या अकरा तबकड्यांनाही हात लावेना. ब्रश कागदात गुंडाळून माळ्यावर टाकला. कानातली बोंडेही खणात. ती कॉलेजातून यायची, जेवायची, पुस्तक घेऊन बसायची. मला आयुष्यात पहिल्यांदा वाटले की अर्धवट गाणी का होईनात, चालू दे. आंटीकडे ती जायची, पण चार वाजता नाही. दोघी त्या वेळेला एकमेकींना टाळत होत्या. आंटीने वेताची खुर्ची आतल्या खोलीत नेऊन ठेवली. यंत्रावर टॉवेल टाकला.

जुलैत, धोधो पावसाच्या एका संध्याकाळी, ताईचा फोन माझ्या फोनवर आला. मुलगी तिचे फोन घेत नव्हती म्हणून. मी आवाज मोठा करून फोन पडवीतल्या स्टुलावर ठेवला. मुलगी जवळ येऊन उभी राहिली.

"काका, कसे आहात? पाऊस खूप आहे ना तिकडे?"

"आहे," मी म्हणालो. "बोला."

"काका, तुम्ही सगळे रागावलाय असं कळलं मला. पण मी चोरी केली नाही. आजींनी दिल्या, मी पैसे दिले. आणि खरं सांगा, तिथे राहिल्या असत्या तर किती वर्षं टिकल्या असत्या?"

"तीन पावसाळे टिकल्या होत्या. तुम्ही त्याची रीत छापलीच आहे."

"तिचं नाव टाकायला हवं होतं. राहून गेलं. पुढच्या वेळी टाकीन."

"आणि घर बंद नाही," मी म्हणालो. "त्या घरात तुम्ही आंबोळ्या खाल्ल्यात."

"ते तसं लिहावं लागतं, काका. लोकांना गोष्ट लागते." मग तिने मूळ काम सांगितले. "मला एक मदत हवी होती. कार्यक्रमात मी ती सगळी गाणी लावते, पण त्यांचं व्हायोलिन नेमकं कुठे आहे ते एकाच गाण्यात माहिती आहे. लोक विचारतात. बाकीच्या जागा तिला माहिती आहेत. तिने मला एकदा बसून सांगितल्या, तर आजींची ती आवडती तबकडी मी परत पाठवते. फुकट. कुरिअरसुद्धा माझ्याकडून."

मी मुलीकडे बघितले. मला वाटले ती हो म्हणेल. ती तबकडी आंटीच्या दारात परत येणार, तीही एक पैसा न देता. मी तिच्या जागी असतो तर कदाचित हो म्हणालो असतो. मुलीने स्टुलाजवळ वाकून फोनकडे तोंड केले.

"किंमत सांगा, मॅडम."

"अगं, मॅडम काय? आणि किंमत कशाला, मी म्हणतेय ना..."

"जागा मिळणार नाहीत. त्या तुम्हाला विकलेल्या नाहीत. तबकडीची किंमत सांगा."

नंतर ताई वेगळ्याच आवाजात बोलली, दुकानात बोलतात तशी. म्हणाली, बघून कळवते. अर्ध्या तासात निरोप आला: चार हजार पाचशे, पाठवणीचे एकशे ऐंशी वेगळे, पैसे आधी.

मी भडकलो. एकशे त्रेचाळीसला नेलेली वस्तू, साडेचार हजार! मी मुलीला म्हणालो की एवढे द्यायची गरज नाही, घासाघीस करू, दोन हजारांत येईल. ती म्हणाली, "नको बाबा. घासाघीस केली तर पुन्हा बोलणा इला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे आंटीकडे गेलो. तिला सगळे सांगितले. फोनवर काय झाले तेही. आंटीने ऐकून घेतले, मुलीकडे बघितले आणि विचारले, "जागे नाय सांगलंस?"

"नाय."

"एक पण नाय?"

"एक पण नाय गो."

आंटी उठली. तसबिरीमागून लिफाफा काढला आणि माझ्यापुढे धरला. "हेच्यातले दी. तिचेच पैसे तिका. तुज्या खिशातलो एक रुपयो पण तिका जाता नये."

"आंटी, हे तुझे आहेत," मी म्हणालो.

"माजे कसले? मी काय विकलंय?" मे महिन्यापासून पहिल्यांदा तिच्या बोलण्यात धार आली होती. "ती आपले पैसे हयसर विसारली. आता थोडे थोडे करून न्हेता."

तबकडी आठ दिवसांनी आली, लाकडी पट्ट्यांत नीट बांधलेली. कव्हरवर ताईच्या संग्रहाचा गोल शिक्का होता, क्रमांक घातलेला. मुलीने तो पुसायचा प्रयत्न केला, निघाला नाही. रिठ्याचे पाणी केले, तबकडी पुसली, वाळवली. मी वेताची खुर्ची बाहेर आणून ठेवली. चार वाजता चहा झाला. पंखा बंद केला. मुलगी जमिनीवर बसली.

दुसऱ्या कडव्यानंतर वाद्यमेळ थांबला. आंटीचे बोट वर झाले. मुलीचे झाले नाही. ती आंटीच्या बोटाकडे बघत होती. बाजू संपल्यावर आंटी म्हणाली, "आता उद्या दुसरी बाजू. परवा पुन्हा हीच. एकच आसा तर एकच." आणि मग, "बाकीचे तुज्या डोक्यात आसत. ते कोणाक सांगू नको. मी मेल्यावर पण."

उरलेल्या एकशे पंचवीस पुण्यात आहेत. ताई अजून त्या गटात आहे. मुलगी त्यातून बाहेर पडली. अलीकडे ती गाणी ऐकते, पण नवीन माणसाशी गाण्याबद्दल बोलत नाही. कोणी विचारले काय ऐकतेस, तर म्हणते, खास काय नाय.

दिलेली रक्कम चार हजार पाचशे रुपये, आंटीच्या लिफाफ्यातल्या त्याच पाचशेच्या नऊ नोटा, आणि पाठवणीचे एकशे ऐंशी. हे एकशे ऐंशी माझे. आंटीला ते सांगितलेले नाही. बँकेत मी स्वतः भरले. घेणारी: पुण्याची ताई, आमची पाहुणी.